दोन्ही उजव्या

मास्तरांनी सलूनवाल्याची पँट कबूल केलेल्या दिवशी शिवून दिली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की मास्तरांचं काही खरं नाही.

सलूनवाला स्वतःच हादरला होता. तो काही पँट न्यायला आलाच नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून यायचं, "मास्तर, झाली का?" म्हणायचं, मास्तरांनी मशीनवरून मान वर न करता "उद्या" म्हणायचं आणि मग दोघांनी चहा घ्यायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठ. त्यात पँटचा संबंध नावापुरता. आणि आज मास्तरांनी हूं नाही की चूं नाही, कडक इस्त्रीची पँट कागदात बांधून त्याच्या हातात ठेवली.

"ही माझीच?"

"मग काय माझी?"

"तसं नाही. पण मास्तर, बरं आहे ना सगळं? झोप वगैरे लागते?"

"घेऊन जा रे बाबा. आणि अजून काही शिवायचं असलं तर आण. काहीही आण. उशांचे अभ्रे आण. गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधतोस ती फडकी फाटलीत, ती आण."

सलूनवाला चहा न घेताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याला त्याच्या मुलाचा शाळेचा गणवेश मिळाला. मुलगा आता दाढी करायला लागला होता, ती गोष्ट वेगळी. काही दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या आजींना पडदे मिळाले. त्या खिडकीच्या जागी मधल्या काळात भिंत आली होती. तरी आजी पडदे छातीशी धरून मास्तरांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जिवाला जप हो."

शिंप्याने कपडे उशिरा दिले तर लोक चिडतात. वेळेवर दिले तर घाबरतात. कुणी म्हणालं, दुकान विकतायत. कुणी म्हणालं, डॉक्टरांनी हात टेकले. आजींचं मत सगळ्यांना पटलं. त्या म्हणाल्या, "जायची वेळ आली की माणूस अशीच निरवानिरव करतो."

खरी गोष्ट एवढीच होती, की दुकानात एक गाठोडं होतं, आणि त्या गाठोड्याला हात लावावा लागू नये म्हणून मास्तर जगातलं दुसरं कुठलंही काम करायला तयार होते.

गाठोडं व्याह्यांचं. मास्तरांच्या लेकीचे सासरे म्हणजे फुटबॉलचे पंच. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, मैदान सुटलं, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. खिशात पिवळं कार्ड, लाल कार्ड. भाजीत मीठ जास्त पडलं की पिवळं. शेजाऱ्याने दारात गाडी लावली की लाल. मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांत मास्तरांनी एकदा जरा आवाज चढवला, तेव्हा त्यांनाही एक पिवळं मिळालं होतं, आणि व्याह्यांच्या मते ते अजून उभं होतं. "दुसरं मिळालं की मैदानाबाहेर," असं ते दर भेटीत हसत हसत आठवण करून द्यायचे. हसत हसतच, पण आठवण करून द्यायचेच.

तर या व्याह्यांनी कोटाचं कापड आणून दिलं. गडद निळं, लोकरीचं. सुलट बाजूला अशी झाक, की हात फिरवला तर हातच चांगल्या घरातला वाटावा. उलट बाजू मात्र फिकी, मळकट. त्यांच्या बायकोने स्वतः निवडून आणलं होतं. "निवृत्त झालात की याचा कोट शिवा, मग आपण जरा हिंडू," असं म्हणाली होती, आणि निवृत्तीच्या आधीच ती निघून गेली. तेव्हापासून कापड ट्रंकेत. आता पंचांच्या संघटनेने व्याह्यांचा सत्कार ठरवला होता. व्याह्यांनी ते कापड टेबलावर असं ठेवलं, जसं झोपलेलं बाळ ठेवतात.

"व्याही," ते म्हणाले, "असं दुसरं मिळणार नाही हं."

हे एक वाक्य बोलले नसते, तर पुढचं काही घडलं नसतं.

एरवी मास्तर कापडाची दुहेरी घडी घालून कापायचे. दुहेरी घडीवर कात्री एकदा फिरली की कोटाची डावी बाजू आणि उजवी बाजू आपोआप निघतात. त्याला अक्कल लागत नाही. पण मोलाचं कापड, खालचा पदर सरकला तर काय घ्या! म्हणून मास्तरांनी जास्तीची काळजी घेतली. घडी उलगडली, कापड एकेरी पसरलं, कागदाचा नमुना ठेवला, खडूने आखलं आणि श्वास रोखून कापलं. उजवी बाजू. सुरेख. मग नमुना उचलून शेजारी ठेवला, आखलं, कापलं. तीही सुरेख. तीही उजवी.

नमुना उलटा करून ठेवायचा राहिला होता. शिंपीकाम शिकायला आलेला माणूस पहिल्या महिन्यात अशी चूक करतो, आणि मग जन्मभर त्याला त्यावरून हसतात. हसणाऱ्यांत मास्तर नेहमी पुढे असायचे.

त्यांनी एक तुकडा उचलून गोल फिरवला. वरचा खाली केला. उजवीच. पालथा घातला, तर डावी झाली, पण उलट बाजू वर आली. एका अंगाने नवरदेव, दुसऱ्या अंगाने पायपुसणं. मास्तर स्टुलावर बसले ते बसलेच.

आता सांगायचं काय, तर एवढंच: "व्याही, चुकलो. दोन्ही उजव्या कापल्या." एका श्वासाचं काम. मास्तरांनी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि लगेच सगळे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळले, गाठोडं इस्त्रीच्या टेबलाखाली पार मागे सारलं आणि ठरवलं, उद्या सांगू.

गिऱ्हाइकांना "उद्या" सांगण्यात त्यांची हयात गेली होती. स्वतःला सांगायची ही पहिलीच वेळ. गिऱ्हाइकं निदान ओळखून असायची. मास्तरांनी विश्वास ठेवला.

आठवड्याने व्याही ट्रायलला आले. बाह्या वर सारून आरशासमोर उभे राहिले.

"आणा बघू. कुठवर आलंय?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हाताला गळ्यातली टेप लागली. बुडत्याला काडी म्हणतात ती.

"त्याआधी एकदा माप घेतो. शंका नको."

त्यांनी टेप पोटाभोवती लावली आणि वेळ काढायला म्हणून नुसतं "हं" म्हणाले.

"हं म्हणजे?"

"काही नाही. किंचित."

"किंचित काय, व्याही?"

आता काहीतरी बोलणं भाग होतं. "पोट. किंचित पुढे आलंय."

आयुष्यभर मैदानावर पळलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यापैकी. व्याह्यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली, वाजवली नाही. आरशात आडवं उभं राहून पाहिलं. मग म्हणाले, "शिवू नका अजून. थांबा जरा. मी बघतो त्या पोटाकडे."

मास्तरांना एक आठवडा मिळाला. इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या तिघांचे शर्ट उरकले.

चार दिवसांनी लेकीचा फोन. "बाबा, माझ्या सासऱ्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"मी? कुठे काय?"

"घरात साखर बंद केलीय! पहाटे सगळ्यांना पळायला नेतात. मलासुद्धा. काल मी चहात गुपचूप चमचाभर साखर घातली, तर स्वयंपाकघराच्या दारात शिट्टी! हातातला चमचा पडला माझ्या. तो कोट कधी देताय एकदाचा?"

"उद्या," मास्तरांच्या तोंडून सवयीने गेलं.

"बाबा, मी गिऱ्हाईक नाहीये!"

त्यानंतर गाठोडं चालायला लागलं.

म्हणजे झालं असं. एका सकाळी मास्तर दुकानात आले, तर टेबलाखालचं गाठोडं त्यांच्या खुर्चीवर. आपणच विसरलो असू म्हणून त्यांनी ते परत आत ढकललं. दुसऱ्या दिवशी ते मशीनच्या पायपट्टीवर. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोण, तर मास्तरीणबाई. त्या कोपऱ्यात बसून काजं-बटणं करायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात दोरा, मान खाली. त्यांना कशाचा पत्ता असावा असं काही दिसेना. आणि विचारणार कसं? "गाठोडं तू हलवलंस का?" म्हटलं, तर "कसलं गाठोडं?" आलंच. ताकाला जायचं होतं आणि भांडंही लपवायचं होतं.

मग एकदा दुपारी ते जेवायला बसले. पिशवीत हात घातला, तर डब्याच्या जागी गाठोडं.

"अगं, डबा कुठाय?"

"पिशवीत असेल की. काय आहे पिशवीत?"

"काही नाही."

"मग काही नाही जेवा," मास्तरीणबाईंनी दोरा दाताने तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

मास्तर त्या दिवशी पाणी पिऊन राहिले, आणि उपाशीपोटी त्यांनी आजींचे पडदे पुरे केले. भीती अशी चीज आहे. तिने मारलेली टीप कधी वाकडी जात नाही.

पण कामं काय जन्मभर पुरतात? एक दिवस खुंट्या रिकाम्या झाल्या. मास्तरांनी मशीनला तेल घातलं. बटणं रंगांप्रमाणे लावली. लोहचुंबकाने टाचण्या गोळा केल्या, त्यातल्या वाकड्या सरळ केल्या. मग गल्लीत काम मागायला निघाले. औषधवाला म्हणाला, "तुम्ही आराम करा, मास्तर." आजी म्हणाल्या, "आता कशाला दगदग?" सलूनवाल्याने फाटकी फडकी पाठीमागे लपवली आणि डोळे पुसले.

कुणीतरी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मास्तरांना काहीही शिवायला देऊ नका.

ते परत आले, तर दुकानात टेबल लखलखीत मोकळं. त्यावर मधोमध चादर उलगडलेली आणि तिच्यावर दोन निळे तुकडे शेजारी शेजारी. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. हातात सुई नव्हती. ही गोष्ट मास्तरांना सगळ्यात भयंकर वाटली.

"दोन्ही उजव्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुला... कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही स्वतःहून दुकान झाडलंत. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही झाडू कुठल्या हाताने धरता हे मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, काहीतरी मोठं घडलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मजा येत होती. शिवाय कामं उरकत होती. अजून एखादी बाजू चुकला असतात, तर घरातला गळका नळही दुरुस्त झाला असता."

"मी इकडे घाबरून अर्धा झालो!"

"आणि व्याही पळून पळून अर्धे झाले. पोरगी बिनसाखरेचा चहा पितेय. कुणाच्या पायी?"

मास्तरांनी तुकड्यांकडे पाहिलं. "सांगतो. अगदी नक्की. उद्या सकाळी पहिलं..."

"उद्या कशाला? निघालेत ते. मीच निरोप धाडला. मास्तरांना काहीतरी सांगायचंय, लवकर या म्हटलं."

मास्तरीणबाईंचा निरोप एवढाच होता. पण व्याही गल्लीत शिरले, आणि दुकानाआधी सलून लागतं.

ते दारात आले तेव्हा शिट्टी शर्टाच्या आत घातलेली होती. हातात फळांची पिशवी. गाल बसलेले, पँट कमरेवर पट्ट्याने कशीबशी तोललेली. टेबलाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. सरळ येऊन त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

"आत्ता कळलं मला. तो सलूनवाला रडत होता," व्याही म्हणाले. "एवढं मनात ठेवून होतात होय? आणि मी मेला कोट, कोट करत बसलो."

मास्तरांना आधी काही समजेना. मग समजलं. आणि मग, खोटं कशाला बोला, त्यांना ढगातून ऊन पडल्यासारखं वाटलं. मरणाऱ्या माणसाला कुणी कोट मागत नाही! त्यांनी एक बारीकसा खोकला काढून पाहिला. चांगला निघाला.

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बोलू नका, त्रास होईल," व्याही म्हणाले. "पोरीची काळजी सोडा. ती माझीच लेक आहे. आणि कोटाचं काही मनात आणू नका. मी जुन्या सदऱ्यात जाईन सत्काराला. एकदा वाटलं होतं, तिने आणलेलं अंगात घालून चार लोकांत उभं राहावं. ती नाही, तर निदान तिची निवड. जाऊ द्या. जिवापुढे काय आहे कापड?"

दुसरा खोकला मास्तरांच्या घशापर्यंत आला होता. तो तिथेच अडकला. हा माणूस त्यांच्यासाठी तो कोट सोडायला निघाला होता, आणि तेही हसतमुखाने. मास्तर ओरडलेच.

"मी मरत नाहीये!"

"नाहीच मरणार. धीर धरा."

"अहो, खरंच मरत नाहीये! धडधाकट आहे मी. व्याही, चुकलो. दोन्ही उजव्या कापल्या!"

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण टाचण्या सगळ्या गोळा करून झाल्या होत्या. व्याही टेबलापाशी गेले. त्यांनी एक तुकडा स्वतःच्या उजव्या छातीवर धरला. बसला. दुसरा डाव्या छातीवर धरला. नाही बसला. फिरवला. पालथा केला. मग शर्टातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की रस्त्यावरच्या सायकली थांबल्या. समोर सलूनवाल्याने शिट्टी ऐकली, "गेले" म्हणाला आणि मान खाली घालून शटर अर्धं ओढलं.

खिशातून पिवळं कार्ड आलं.

"हे दुसरं," व्याही म्हणाले.

"ठाऊक आहे."

"जन्मभर मी दोन्ही बाजूंना सारखं वागवलं, व्याही. घरच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिलीय मी, लोकांनी बाटल्या मारल्या, पण दिली. आणि माझ्याच कोटाला एकच बाजू?"

त्यांचा आवाज थरथरला. मास्तरांनी डोळे मिटले. रडतायत, त्यांना वाटलं. उघडले, तर व्याही टेबलाला धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळं.

"ती म्हणायची ना! मैदानावर दोन बाजू दिसतात, घरात आलात की एकच दिसते, स्वतःची. घ्या! तिचं बोलणं शिवूनच देणार होतात की हो तुम्ही मला."

मास्तरही हसायला लागले. सुटलो, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात व्याही हसायचे थांबले.

"एक मिनिट. पोटाचं काय? पोट पुढे आलं होतं ते?"

मास्तरांना वाटलं, हे उद्या सांगावं. पण मास्तरीणबाई बघत होत्या.

"नव्हतं आलं," ते म्हणाले.

लाल कार्ड एवढ्या वेगाने निघालं, की खिशाची शिवण उसवली.

"बाहेर! कापडाची चूक माणसाकडून होते. पण मी रोज पहाटे पळतोय! साखरेचा कण नाही की गोडाचा घास नाही! चला, मैदानाबाहेर!"

आणि मास्तर स्वतःच्या दुकानातून बाहेर पडून फुटपाथवर उभे राहिले. नियम म्हणजे नियम. सलूनवाल्याने शटरखालून त्यांना पाहिलं आणि त्याच्या हातातला कंगवा खाली पडला.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"मला काढलंय," मास्तर म्हणाले.

आतून बोलणं ऐकू येत होतं. मास्तरीणबाई सांगत होत्या, "बाह्या अजून कापलेल्या नाहीत हो. चूक दिसली तिथेच हात थांबला यांचा. ते बाह्यांचं कापड शिल्लक आहे. त्यातून डावी बाजू निघते. कोट नाही होणार, पण बिनबाह्यांचं जाकीट होईल, झकास."

"जाकीट," व्याही म्हणाले. "पंचाला हात मोकळे लागतातच. कार्डं काढायला."

"व्याही!" थोड्या वेळाने हाक आली. "या आत. बदली खेळाडू म्हणून."

डाव्या बाजूचा नमुना टेबलावर ठेवला, तेव्हा तो उलटा ठेवलाय की नाही हे तिघांनी पाहिलं. चौथा सलूनवाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण मेलेला माणूस कापड कापतोय म्हटल्यावर त्याच्याने राहवेना. मास्तरांनी खडू फिरवला, कात्री घेतली आणि बघता बघता डावी बाजू कापून ठेवली.

"झालं?" ते म्हणाले. "एवढंच होतं?"

"एवढंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी तोंड उघडलं असतंत, तरीही एवढंच होतं."

एवढंच मात्र राहिलं नव्हतं. व्याही इतके वाळले होते, की जुन्या मापाचं सगळं आता आत घ्यावं लागणार होतं, आणि मास्तर त्या कामाला पुन्हा टेप घेऊन उभे राहिले. व्याह्यांनी टेपकडे बघून शिट्टी हातात धरली. मास्तरांनी माप घेतलं आणि "हं" सुद्धा म्हणाले नाहीत.

सत्काराला व्याही निळं जाकीट घालून गेले. झाक अशी, की पहिल्या रांगेतली माणसं भाषण सोडून जाकीट बघत होती. उरलेल्या उजव्या बाजूतून मास्तरीणबाईंनी एक छोटी पिशवी शिवली, शिट्टी आणि कार्डं ठेवायला. त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिने नुसता कपात चमचा ढवळल्याचा आवाज ऐकवला, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात दुपारी सलूनवाला दबकत दबकत दुकानात आला. शर्ट शिवायला टाकला होता. जीव मुठीत धरून त्याने विचारलं, "मास्तर, झाला का?"

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"उद्या," ते म्हणाले. मग मशीन थांबवून त्यांनी मान वर केली. "आणि ऐक. खिसा उजव्या बाजूला बसलाय. आत्ताच सांगून टाकतो."

सलूनवाल्याचा चेहरा उजळला. खिशाचं त्याच्या कानावरही गेलं नाही. तो तसाच उलट्या पावली रस्त्याच्या मधोमध गेला आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडला, "आजी! मास्तर बरे झाले हो!"

मग परत आला, स्टूल ओढून बसला, आणि दोघांनी चहा घेतला.